मरून गाडीच्या दाराला संत्र्याची साल

सन दोन हजार चोवीस. जानेवारी महिना. बदलापुरात स्वेटर कपाटातून बाहेर येतात तो आठवडा. त्या आठवड्यात एका मरून गाडीच्या उजव्या दारांना संत्र्याची साल आली, आणि त्या सालीपायी मी चार दिवसांत तीन भल्या माणसांची अब्रू काढली. आज लिहायला बसले तरी कानशिलं तापतात. कुणावर तापतात ते पुढे कळेलच!

मी शालन. तेव्हा वय त्र्याहत्तर. राहणार बेलवली, बदलापूर पश्चिम. अंबरनाथला एक पंख्यांचा कारखाना होता. आता तिथे बावीस मजली इमारती आहेत आणि त्यांना इटलीतल्या गावांची नावं आहेत. पण एकोणीसशे बाहत्तर ते अठ्ठ्याण्णव तिथे पंखे होत होते, आणि त्यांची पाती माझ्या बोटांखालून जात होती. मी इन्स्पेक्शनला होते. डोळे मिटायचे, पात्यावरून बोट फिरवायचं आणि सांगायचं, पास की नापास. सव्वीस वर्षांत खरखरीत रंगाचं एकही पातं माझ्या टेबलावरून पुढे गेलं नाही. तुमच्या घरी त्या काळातला पंखा असेल तर स्टुलावर चढून बघा! बघताना बटण बंद करा म्हणजे झालं.

संत्र्याची साल हे आमच्या खात्यातलं नाव. रंग फवारला की त्याचे बारीक थेंब पत्र्यावर पडतात. ते पसरून एकमेकांत मिसळले तर आरसा होतो. मिसळायच्या आधीच जागच्या जागी बसले तर वर बारीक खळगे राहतात, थेट संत्र्यासारखे. कारणं मोजून पाच. फवारायची गन लांब धरली, हवा कमी पडली, थिनर वाईट निघालं, पत्रा तापलेला असला, नाहीतर रंग जाड राहिला. मला झोपेतून उठवून विचारा! त्या आठवड्यात मी एकेक कारणाच्या मागे काठी घेऊन धावले. फक्त शेवटच्या कारणामागे धावायची गरज नव्हती, कारण रंगाचं माप मी स्वतः घेत होते!

आता हे माप कसं घ्यायचं ते सांगते, म्हणजे माझा राग तुम्हाला कळेल. एक छोटा धातूचा कप असतो, बुडाला भोक. भोकावर बोट ठेवायचं, कप रंगाने काठोकाठ भरायचा, बोट काढायचं आणि धार तुटेपर्यंत सेकंद मोजायचे. वीस सेकंदांत तुटली तर रंग बरोबर. जास्त लागले तर रंग जाड, आणखी थिनर घाला. कारखान्यात यासाठी एक घड्याळ होतं. पण त्याच्याआधीचं घड्याळ कुणीतरी पळवल्यामुळे सुपरवायझर ते कपाटात कुलूप लावून ठेवायचा आणि किल्ली घेऊन चहाला जायचा. मग आम्ही काय करणार? माझ्या तोंडी लहानपणापासून त्रिसरण, आमची बुद्धवंदना. छप्पन साली वडिलांनी दीक्षा घेतली, तेव्हापासून घरात रोज. मी ते कारखान्याच्या चालीत म्हटलं की बरोबर वीस सेकंद व्हायचे. माझ्या शेजारची इंदुबाई तिची दिवेलागणीची प्रार्थना म्हणायची. तिचेही वीस! दोघींच्या तोंडातलं शेवटचं अक्षर आणि कपातला शेवटचा थेंब एकदमच पडायचे. एकदा सुपरवायझरने घड्याळ काढून पडताळून पाहिलं आणि म्हणाला, "बाई, घड्याळ मागे पडलं तर तुम्हाला विचारून लावतो!"

कुणाला वाटेल, वंदनेचा हा काय उपयोग! अहो, हातात घड्याळ नव्हतं, तोंडात वंदना होती. जे होतं त्यानं काम केलं. आणि मी ती विसरलेले नाही बरं का. गेली पंचवीस वर्षं दर रविवारी आमच्या विहारात पुढे बसून मीच सांगते, मागून पन्नास-साठ माणसं म्हणतात.

आता माया. माया माझी सून. चाळिशी ओलांडल्यावर हिने गाड्या रंगवायचं रीतसर शिक्षण घेतलं आणि एका ऑफिसातली फाइली लावायची नोकरी सोडली. मुलगा प्रमोद म्हणाला, "बाईमाणूस गाडी रंगवणार? गिऱ्हाईक येईल का?" मी त्याला असं झापलं की दोन दिवस तो माझ्याशी फक्त मीठ मागण्यापुरतं बोलला. चिखलोलीला आण्णांचा गाळा मिळाला. आण्णा तिथले जुने शेतकरी. अर्धी जमीन इमारतींखाली गेली, उरलेल्या तुकड्यात मुळा आणि वाल लावतात. त्यांनी गाळा तीन महिन्यांच्या बोलीवर दिला होता. एक टाइल्सवाला तोच गाळा मागत त्यांच्या मागे लागला होता.

मी मायाला एकच अट घातली. "रंगाचं माप आणि तपासणी माझ्याकडे!"

"हो आई," माया म्हणाली. ती कमी बोलते. मला तिचा हाच गुण आवडायचा. आता आवडतो की नाही, सांगता येत नाही.

तीन महिने संपत आले तरी स्कूटरच्या मडगार्डांपलीकडे काम येईना. आणि मग उल्हासनगरचा जितेश आला. हा लग्नांना गाड्या भाड्याने देतो. आठ गाड्या, आठही लांबलचक. त्याने एक मरून गाडी आणून उभी केली आणि आपली भेळ सुरू केली.

"माई, मेरी शर्त एकच. नवरी गाडीत बसायला येते तेव्हा फोटोवाला दरवाज्याचा फोटो काढतो. दरवाजे में नवरी का चेहरा साफ दिसना मंगता! मी काय करतो, कंगवा काढतो आणि दरवाज्यात बघून भांग पाडतो. भांग सीधा दिसला तर काम पास."

"आणि पास झालं तर?" मायाने विचारलं.

"बाकीच्या सातही गाड्या तुमच्या. नाहीतर कल्याणवाला आहेच. रविवारी येतो!"

तो गेल्यावर माया गाडीकडे बघत राहिली. "आई, या सात गाड्या मिळाल्या तर गाळा राहील. नाही मिळाल्या तर मी परत फाइली लावायला जाईन."

"गप! सव्वीस वर्षांचा अनुभव तुझ्या पाठीशी उभा आहे!" मी म्हणाले.

आणि हा अनुभव सोमवारी सकाळी स्टुलावर बसून कामाला लागला. मायाने रंग ओतला, तो पक्का व्हायला हार्डनर घातलं, थोडं थोडं थिनर घालत गेली. मी कप भरला, बोट काढलं, त्रिसरण म्हटलं. शेवटच्या अक्षराला धार तुटली. "बस!"

"आई, अजून थोडं थिनर हवं असं वाटतंय."

"वाटायला हा पुलाव आहे का? माप म्हणजे माप! पातळ केलास तर ओघळेल!"

मायाने उजवी दोन्ही दारं फवारली. मग मी जेवले आणि मागच्या खाटेवर आडवी झाले. या वयात दुपारची झोप टाळली तर संध्याकाळी मी कुणालाही चावते. दुपारी मायाने एकटीने बॉनेट केलं.

मंगळवारी सकाळी बॉनेट बघितलं आणि मी खूश! माझा पदर, पदरावरची वेलबुट्टी, वरची ट्यूबलाइट, सगळं स्वच्छ. मग उजव्या दारावरून बोट फिरवलं आणि अंगावर काटा आला. काटा माझ्या अंगावर होता तसाच दारावर! संत्र्याची साल! दारात बघितलं तर माझ्या तोंडावर देवी आल्यासारख्या.

"माया! गन लांब धरलीस!"

"नाही आई. एक वीत अंतर ठेवलं होतं."

"कुणाची वीत? तुझी की उंटाची?"

मायाने बादली भरली. वॉटर पेपर घेतला, पाणी मारलं आणि दारं घासायला बसली. तास-दोन तास घासत होती. मग मी पुन्हा रंग मापला, आणि ती फवारत असताना तिच्या गनशेजारी माझी वीत धरून दाराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत खेकड्यासारखी चालत गेले. माझा हात मनगटापर्यंत मरून झाला. जेवले, झोपले. दुपारी मायाने डावीकडची दारं केली.

बुधवारी सकाळी डावी दारं आरसा आणि उजव्या दारांना संत्री!

आता मी विचार केला. इन्स्पेक्शनला डोकं लागतं. दुपारचं काम चांगलं, सकाळचं वाईट. सकाळी असं काय होतं जे दुपारी होत नाही? तेवढ्यात मागून आवाज आला, घर्रर्र! आण्णांचा पंप! रोज सकाळी ते मुळ्याला पाणी देतात, नाहीतर अंघोळीची टाकी भरतात. पंप विजेचा घास खातो, गनला हवा देणारा आमचा कॉम्प्रेसर उपाशी राहतो, हवा कमी पडते. सापडला चोर!

मी ताडताड मागे गेले आणि पंपाचा फ्यूज उपसून पदराला बांधला. पंप बंद पडला. त्याबरोबर पत्र्याच्या न्हाणीतून आण्णा ओरडले.

"अगो, पानी कुनी बंद केला? माज्या डोल्यांन साबन गेलाय!"

"तो तसाच राहू द्या!" मी बाहेरून ओरडले. "तुमच्या मुळ्यापायी माझ्या सुनेचं दार सडतंय! वीज चोरता काय?"

"चोरतो? मी?" न्हाणीचं दार उघडलं. आण्णा, कमरेला पंचा, डोक्यापासून छातीपर्यंत फेस, एक डोळा मिटलेला, दुसरा लाल. "अगो बाय, मीटर माजा, बील माजा, जमीन माजी! आनि चोर बी मीच? आयतवारला गाला खाली करा! टाइल्सवाला कवापासून मांगतोय!"

"आण्णा, आई तसं म्हणत नव्हत्या..." माया धावत आली.

"मी अगदी तसंच म्हणत होते!" मी म्हणाले.

आता मागे वळून बघते तेव्हा वाटतं, तिथेच कुणीतरी माझं तोंड मास्किंग टेपने बंद करायला हवं होतं. गाळ्यात टेपची रिळं पडलेली होती.

तरी एक समाधान होतं. पंप बंद होता! मायाने पुन्हा घासलं, मी पुन्हा मापलं, तिने पुन्हा फवारलं. गुरुवारी सकाळी मी बोट फिरवलं.

संत्री!

मी डोकं धरून बसले. दारावरचा खळगा न् खळगा मला वेडावून दाखवत होता. कारखान्यात असं दार आलं असतं तर मी पूर्ण पाळीला घाम फोडला असता. इथे पाळी म्हणजे एकटी माया, तीही बिचारी तिसऱ्यांदा घासायला पाणी भरत होती. बोटांची सालटी निघालेली. ते बघून माझा राग आणखी चढला. पत्रा तापायचा प्रश्नच नव्हता. थंडीत तो माझ्या गुडघ्यांइतका गार होता. मग उरलं काय? थिनर!

थिनरचा डबा पिशवीत घातला, रिक्षा केली आणि उल्हासनगर गाठलं. माया मागून "आई, थांबा!" म्हणत होती. पण थांबतो तो इन्स्पेक्टर कसला!

ज्या दुकानातून माया रंग आणते तिथे गल्ल्यावर एक म्हातारे सिंधी गृहस्थ बसतात. गिऱ्हाइकं दाटलेली. मी डबा काउंटरवर आपटला.

"थिनरमध्ये पाणी मिसळता! लाज वाटत नाही?"

गिऱ्हाइकांच्या माना वळल्या. गल्ल्यावरच्या गृहस्थांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"माई, बैठो. पानी पियो."

"पाणीच पिऊन आले आहे! तुमच्या डब्यातलं!"

"माई, थिनर में पानी डालेंगे तो रंग फटेगा, दूध की तरह," ते शांतपणे म्हणाले. डबा उघडला, दोन थेंब काचेवर टाकले. बघता बघता थेंब उडाले, काच कोरडी. "देखा? चालीस साल से दुकान है, साईं. आज तक किसी ने ऐसा नहीं बोला."

"म्हणजे चाळीस वर्षं लोक घाबरत होते!"

एक गिऱ्हाईक हातातला डबा परत ठेवून निघून गेलं. मग दुसरं. म्हाताऱ्यांचा चेहरा पडला. त्यांनी फोन उचलला. "जितेश बेटा? वो चिखलोली वाली, जिसको मैंने तेरी गाडी दिलवाई... हां, उसकी सास आई है."

जितेश! ते जितेशचे मामा निघाले! मायाचं नाव जितेशला सुचवणारे तेच, कारण माया त्यांची नेहमीची गिऱ्हाईक. हे मायाने मला सांगितलं होतं का? ती म्हणते, दोनदा. मला एकदाही ऐकल्याचं आठवत नाही.

रिक्षातून उतरते तर माया फोन कानाला लावून उभी. चेहरा पांढरा.

"जितेशभाई म्हणतात, रविवारी नाही, शनिवारी संध्याकाळीच येतो. मामाजींना घेऊन. मामाजी हो म्हणाले तरच बाकीच्या गाड्या."

शुक्रवारी आमच्याकडे दुरुस्तीसाठी दिवसभर लाइट नसते. म्हणजे हातात उरला शनिवार. त्या रात्री माया जेवली नाही. प्रमोदने रोजच्यासारखं "काय झालं?" विचारलं आणि उत्तर ऐकायच्या आत घोरायला लागला.

मी मात्र हार मानणारी नव्हते. उलट माझा राग आता पिकला होता. सगळे माझ्याकडे असे बघत होते की जणू माझ्याच कामात खोट आहे! मी अंबरनाथला इंदुबाईला फोन लावला. "इंदुबाई, उद्याच्या उद्या ये. साक्षीला. माझं माप बरोबर आहे हे या लोकांना तू सांग!"

इंदुबाई माझ्याहून एका वर्षाने मोठी. गुडघे माझ्याहून खराब, जीभ माझ्याहून बरी. शुक्रवारी सकाळी आली, स्टुलावर बसली, गाडीभोवती नजर टाकली आणि म्हणाली, "हे दार आपल्या वेळेला आलं असतं तर तू रंगाऱ्याला रडवलं असतंस."

"रडवलंय. तू माप बघ!"

मायाने रंग कालवला. मी कप भरला. बोट काढलं. मी माझं त्रिसरण सुरू केलं, इंदुबाईने तिची प्रार्थना. दोघी ओठांतल्या ओठांत, अगदी जुन्या दिवसांसारख्या. डोळ्यांत पाणी यायचंच बाकी होतं. तेवढ्यात इंदुबाई म्हणाली, "झालं."

मी डोळा उघडला. धार जोरात वाहत होती. माझी निम्मी वंदना शिल्लक! मी हाताने थांब म्हटलं, पुढे म्हणत राहिले. शेवटचं अक्षर, शेवटचा थेंब. "बघ! बरोबर!"

"काय बरोबर? माझं होऊन किती वेळ झाला! शालन, हा रंग आहे की खीर?"

"तू पळवलंस! अंबरनाथची रिक्षा सुटणार होती का तुझी?"

"मी पळवलं? मी रोज तश्शीच म्हणते! तूच रेंगाळलीस. तेवढ्यात माझा दिवा लावून, तेल संपून, विझलासुद्धा असता!"

"सव्वीस वर्षं माझं माप..."

"तेव्हाचं सांगू नकोस, आत्ताचं बोल!"

आमचा आवाज चढला तसे आण्णा वालाच्या ताटव्यातून उठून आले आणि कुंपणाला टेकून बघायला लागले. साक्षीदार वाढले. मायाने मोबाइल काढला, घड्याळ लावलं आणि कप पुन्हा भरून माझ्यापुढे धरला. "आई, एकदा म्हणा. नेहमीसारखं."

मी म्हटलं. ठणठणीत. धार तुटली. मायाने मोबाइल माझ्याकडे वळवला.

सदतीस!

मग इंदुबाईची प्रार्थनाही मोजली. एकोणीस.

मी मोबाइल हातात घेऊन हलवून बघितला. बिघडलेला नव्हता. मग हळूहळू माझ्या डोक्यात उजाडलं. विहार! पंचवीस वर्षं दर रविवारी मी पुढे बसून सांगते. मागे लहान पोरं असतात, त्यांना शब्द नीट पकडता यावेत. म्हातारी माणसं असतात, त्यांना दम पुरावा. मी एकेक शब्द सोडवून, थांबून, सावकाश सांगत गेले आणि तीच माझी चाल झाली. कारखान्याची चाल कधी गेली, मला पत्ताही लागला नाही.

गन नव्हे, पंप नव्हे, थिनर नव्हे. पाचवं कारण. जाड रंग. ज्याच्यामागे मी धावलेच नाही ते!

"आणि दुपारचं?" मी विचारलं. "बॉनेट? डावी दारं?"

माया जमिनीकडे बघत म्हणाली, "तुम्ही झोपल्यावर मी मोबाइलवर मोजत होते."

"म्हणजे तुला माहीत होतं!"

"मंगळवारी संशय आला होता."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलू दिलंत कधी?"

ती हे अजिबात आवाज न चढवता म्हणाली. चढवला असता तर मला भांडता तरी आलं असतं! कुंपणापलीकडे आण्णा खो खो हसायला लागले. हसता हसता त्यांच्या दुसऱ्या डोळ्यालाही पाणी आलं. मी पदराची गाठ सोडली, त्यात अजून त्यांचा फ्यूज होता. तो त्यांच्या हातात आपटला.

"चुकलं माझं! ऐकलंत ना? परत म्हणणार नाही!"

"र्‍हाव दे गो बाय," आण्णा म्हणाले. "उद्या सकालला पंप चालू ठेवू का बंद?"

"चालू ठेवा! पंपाचा काय संबंध?"

शनिवारी पहाटे मायाने दारं घासून तयार केली. मोबाइल लावून रंग मापला. मला गाळ्याबाहेर खुर्चीत बसवलं होतं, तोंडाला मास्क. तो रंगाच्या वासासाठी होता असं माया म्हणते. आतून गनचा सूं सूं आवाज आणि मागून आण्णांच्या पंपाची घरघर, दोन्ही एकदम चालू होते. दुपारी उठले तर उजवी दारं समोर. बोट लावायचा धीर झाला नाही. नुसतं बघितलं. ट्यूबलाइट सुतासारखी सरळ!

संध्याकाळी जितेश आला. सोबत मामाजी, इस्त्रीचा सफारी, हातात बॅटरी. कुणी चहा म्हणालं, त्यांनी हात जोडले. जितेशने आधी डाव्या दारापुढे भांग पाडला, मग वळसा घालून उजव्या. खाली वाकला, मान तिरकी केली, दोन केस इकडचे तिकडे केले.

"भांग तो एकदम सीधा!" तो खूश होऊन म्हणाला. "मामाजी?"

मामाजींनी बॅटरी दारावर तिरकी मारली. उजेड पाण्यासारखा सरकत गेला. त्यांनी बॅटरी बंद केली आणि माझ्याकडे वळले.

"रंग अच्छा है. मेरा सवाल दूसरा है, माई. थिनर में पानी था क्या?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. माया, जितेश, कुंपणापाशी आण्णा. साक्षीला थांबलेली इंदुबाई तर चष्मा लावूनच बसली होती. मामाजींच्या हो-नाहीवर सात गाड्या, सात गाड्यांवर गाळा, गाळ्यावर माया. आणि हे सगळं आता माझ्या तोंडावर. सव्वीस वर्षं मी इतरांना नापास केलं. मला नापास करायला कुणी नव्हतं.

"नव्हतं पाणी," मी म्हणाले.

"जरा जोर से, माई. दुकान में तो आवाज बराबर था."

"थिनर चांगलं होतं! माप चुकलं होतं!" मी ओरडले.

"किसका?"

"माझं! माझं! माझं! आता काय पेपरात छापू?"

मामाजी पहिल्यांदा हसले. "नहीं, साईं. दुकान में आके एक बार बोल देना, बस. जो दो ग्राहक गए, वो रोज आते हैं." मग जितेशकडे बघून मान हलवली. "दे दे बाकी गाडियां."

मायाने माझ्याकडे बघितलं. हसली नाही. पण मला पाण्याचा ग्लास आणून दिला, त्यावर झाकण ठेवून. आमच्या घरात झाकण फक्त पाहुण्यांच्या ग्लासावर असतं.

आता कुणाचं पुढे काय झालं ते सांगते. जितेशच्या आठ गाड्यांच्या बारा झाल्या आणि बाराही मायाने रंगवल्या. त्याचे केस मात्र पुढून कमी होत चाललेत, त्यामुळे तपासणीला आताशा फार वेळ लागत नाही. मामाजींच्या दुकानात मी जाऊन बोलले. सगळ्या गिऱ्हाइकांसमोर, मान वर करून. त्यांनी मला काजूची मिठाई दिली आणि तेव्हापासून थिनर घरपोच पाठवतात, म्हणजे मला तिथे जायला नको. आण्णांनी टाइल्सवाल्याला नकार दिला आणि शेजारचा गाळाही मायाला दिला. त्यांचा पंप त्याच वर्षी मे महिन्यात जळला. फ्यूज उपटल्यामुळेच जळला असं ते आजही येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. इंदुबाई मुलीकडे पनवेलला राहायला गेली. तिथल्या बायकांना ही गोष्ट तिने इतक्या वेळा सांगितली आहे की मी गेले तेव्हा अनोळखी बायका माझ्याकडे बघून हसत होत्या. प्रमोद सुट्टीच्या दिवशी बायकोच्या हाताखाली दारं घासतो. घासताना झोप येत नाही, त्यामुळे त्याला आता उत्तरंही ऐकावी लागतात. मायाच्या गाळ्यावर पाटी लागली, तिचं नाव मोठ्या अक्षरांत.

आणि मी? मला बढती मिळाली. गाळ्याच्या दारात माझी खुर्ची, टेबल आणि एक पंखा आहे. काम एकच. कुणी गिऱ्हाईक तक्रार घेऊन आलं की माया त्याला गोड आवाजात सांगते, "तक्रारीचं आमच्या आई बघतात, त्या बाहेर बसल्यात, त्यांच्याशी बोला." मी नुसतं वर बघते.

वर्ष उलटून गेलं, एकही तक्रार नोंदली गेलेली नाही. बदलापुरात सगळे म्हणतात, मायाच्या कामाचा दर्जाच तसा आहे. म्हणू देत बापडे!